बुटावरचे नाव : चक टेलर



आपल्या वर्गाच्या दाराशी बुटांची रांग लागते. त्यात हल्ली घोट्यापर्यंतचे, गोल शिक्क्याचे कापडी बूट फार दिसतात. रोज तेच घालावेत का, यावर अल्फारेटातल्या काही घरांत वाद चालू आहे. म्हणून त्या शिक्क्यावर ज्यांचे नाव आहे, त्यांची ओळख आम्ही करून देत आहोत.

चार्ल्स उर्फ चक टेलर यांचा जन्म १९०१ मध्ये इंडियाना राज्यात झाला. कोलंबस गावच्या शाळेकडून ते बास्केटबॉल खेळले. 'ऑल स्टार' हा बूट कन्व्हर्स कंपनीने १९१७ मध्येच काढला होता. काही वर्षांनी टेलर तेथे विक्रेते म्हणून लागले. गाडीत बूट भरून ते गावोगाव फिरत, शाळांतल्या मुलांना खेळ शिकवत आणि जाता जाता बूटही खपवत. १९३० नंतरच्या दशकात शिक्क्यावर त्यांचे नाव आले. ते फार मोठे खेळाडू होते असे पुष्कळांना वाटते. पण नाव झाले ते शिकवण्यामुळे आणि मेहनतीमुळे. १९६९ मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड झाली. त्याच वर्षी जूनमध्ये ते वारले.

आता वादाकडे वळू. हे बूट हलके आणि टिकाऊ असतात, कशावरही शोभतात. पण तळ सपाट आणि पातळ. तळपायाच्या कमानीला आधार कमी. दिवसभर चालले की काहींच्या टाचा दुखतात. जॉर्जियाच्या पावसात कापड भिजते. शिवाय कोणाच्या घरी गणपतीला गेलो, की नाड्या सोडेपर्यंत आरती सुरू होते!

आजोबांची कोल्हापुरीही सपाटच असते, असे मुले म्हणतील. खरे आहे, पण आजोबा ती घालून बास्केटबॉल खेळत नाहीत. टेलर यांच्या काळी हा खेळाचाच बूट होता. पुढे जाड, मऊ तळाचे बूट आले आणि खेळाडूंनी तो सोडला.

आमचे मत असे : शाळेला, वर्गाला खुशाल घाला. मैदानावर आणि लांब चालायला दुसरा जोड वापरा. पाय दुखले तर लपवू नका, आईबाबांना सांगा. आणि पालकहो, नवा जोड मागितला तर आधी मुलांकडून टेलर यांची गोष्ट मराठीत ऐका. चांगली सांगितली, तर विचार करायला हरकत नाही!