संत तेरेजाच्या वह्या



१ ऑक्टोबरला बाळ येशूच्या संत तेरेजाचा सण असतो. हातात क्रूस आणि गुलाब घेतलेली तिची तसबीर आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. यंदा धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना ‘माझ्या जीवनातील देव’ या विषयावर स्वतःची हकीगत लिहायला सांगितले आहे. तेव्हापासून पालक आणि शिक्षक आम्हाला विचारीत आहेत की, मुलांनी सुरुवात तरी कुठून करावी? म्हणून आज आम्ही तेरेजाच्या गुलाबांविषयी नव्हे, तर तिच्या वह्यांविषयी लिहीत आहोत.

तेरेजाचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी फ्रान्समधील आलांसों येथे झाला. वडील लुई मार्टिन घड्याळजी होते, आई झेली लेसचा व्यवसाय करीत असे. (ह्या पती-पत्नीला २०१५ साली एकत्रच संतपद मिळाले.) नऊ मुलांपैकी पाच मुली जगल्या. तेरेजा शेंडेफळ. ती साडेचार वर्षांची असताना आई कर्करोगाने गेली. कुटुंब लिझ्यू गावी राहायला आले आणि मोठी बहीण पोलिन तिची दुसरी आई झाली. पुढे १८८२ साली पोलिनही कार्मेल मठात गेली. पोरीने आई दोनदा गमावली म्हणा ना! ती हळवी झाली, आजारी पडली, जरा काही झाले की रडू लागे. शाळेत गणित आणि शुद्धलेखन कच्चे. धर्मशिक्षण आणि निबंध मात्र चांगले. १८८६ च्या नाताळच्या रात्री तिला मनाचे बळ परत मिळाले आणि ९ एप्रिल १८८८ रोजी, वयाच्या पंधराव्या वर्षी, तिने कार्मेलमध्ये प्रवेश केला.

१८९४ सालच्या हिवाळ्यातील गोष्ट. तोवर चार बहिणी त्याच मठात होत्या आणि पोलिन मठाधिकारी होती. एका संध्याकाळी तेरेजा लहानपणीच्या गमती सांगत होती. थोरली बहीण मारी पोलिनला म्हणाली की, हे सारे हिच्याकडून लिहून घ्या. पोलिनने आधी ते हसण्यावारी नेले, मग आज्ञाच केली.

तेरेजाने लगेच लेखणी उचलली नाही. पवित्र मारियेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून तिने प्रार्थना केली. मग शुभवर्तमान उघडले, तेव्हा येशू डोंगरावर जाऊन त्याला हवे होते त्यांना जवळ बोलावतो, तो संत मार्कचा उतारा समोर आला. तिला आपल्या लेखनाचा विषय तिथे सापडला. जन्मापासूनच्या घटनांची यादी करायची नाही, देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगायचे. मग तिने आयुष्याचे तीन भाग पाडले : आई असेपर्यंतचा, आई गेल्यापासून त्या नाताळपर्यंतचा आणि त्यानंतरचा. एवढाच तिचा आराखडा. चौथीतल्या मुलालाही तो जमेल.

जे तिला आठवणे शक्य नव्हते, ते तिने विचारून घेतले. पोलिन बोर्डिंगात असताना आईने तिला लिहिलेली पत्रे जपून ठेवली होती. तेरेजाने त्यांतील उतारे वहीत उतरवले. म्हणून मुलांनो, आजीला विचारा, जुने फोटो काढा. आणि प्रसंग लहान निवडा. तेरेजाने कोणता निवडला? लिओनीने बाहुलीचे कपडे आणि चिंध्या-फितींची टोपली पुढे धरून हवे ते घ्या म्हटले. सेलिनने एक छोटी वस्तू घेतली. तेरेजाने अख्खी टोपली उचलली! पुढे देवाला सर्वस्व देण्याविषयी लिहिताना तिने त्याच टोपलीचा आधार घेतला.

संत ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात स्मरणशक्तीवर एका पुस्तकाचा मोठा भाग खर्च केला आहे. सेमिनरीत ते वाचताना आमची दमछाक झाली होती. तेरेजा त्या वाटेला गेली नाही. मात्र मधल्या दुःखाच्या वर्षांवर तिने पुष्कळ पाने लिहिली, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. आपल्या वर्गातही आई किंवा बाबा गमावलेली मुले आहेत. ते नको लिहूस, काहीतरी आनंदाचे लिही, असे आपण त्यांना प्रेमाने सांगतो. मग त्या मुलाने देवाला शोधायचे कुठे?

मठातील कामे उरकल्यावर मिळेल त्या वेळात, साध्या शाळकरी वह्यांत, वर्षभर हे लेखन चालले. २० जानेवारी १८९६ रोजी तिने वह्या पोलिनला दिल्या. पोलिनने त्या बाजूला ठेवल्या आणि सुमारे दोन महिने उघडल्याच नाहीत. तेरेजानेही विचारले नाही. त्याच वर्षी क्षयरोग उघड झाला. १८९७ च्या जूनमध्ये तिने शेवटची वही सुरू केली. बागेत चाकाच्या खुर्चीत बसून ती लिही, आणि भगिनी येऊन गप्पा मारीत. दहा ओळीही सलग होत नाहीत, हे तिने हसतहसत वहीतच नोंदवले. जुलैत दौत-टाक पेलेना, तेव्हा शेवटची पाने पेन्सिलीने लिहिली. ३० सप्टेंबर १८९७ रोजी, चोवीस वर्षांची असताना, ती देवाघरी गेली.

वर्षभराने ‘एका आत्म्याची कहाणी’ छापून आली, पहिल्या खेपेस २००० प्रती. १९२५ साली तेरेजा संत झाली, १९९७ साली ख्रिस्तसभेची धर्मपंडिता. पण छापण्यापूर्वी पोलिनने पानोपानी दुरुस्त्या केल्या होत्या. तेरेजाची तशी परवानगी होती, हेतूही चांगला होता. तरीही तिचे मूळ शब्द जगापुढे यायला १९५६ साल उजाडले.

मुलांच्या वह्या नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मिस्सानंतर जमा कराव्यात. पालकांनी हवे तर ऱ्हस्व-दीर्घ तपासावे. वाक्ये मुलांचीच राहू द्यावीत. पेन्सिलीने लिहिले असले तरी चालेल.