जीपचा चेसिस, जस्ताचा लेप आणि हम्फ्री डेव्ही

काकांची जीप माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. तळोजात आमच्या दारासमोर उभी असते. एकीकडे एमआयडीसीतले केमिकलचे कारखाने, दुसरीकडे खाडीकडून येणारी खारी हवा, वर चार महिने पाऊस. लोखंडाला राहायला यापेक्षा वाईट पत्ता मिळणं कठीण! गेल्या वर्षी एका गॅरेजवाल्याने चेसिसवर काळं अंडरकोटिंग मारून दिलं होतं. दिसायला एकदम मस्त. या मे महिन्यात मी खाली झोपून स्क्रूड्रायव्हरने टोकरलं, तर पापुद्रा सुटला आणि आतून तांबूस भुगा तोंडावर पडला. गंज साफ न करताच वरून लेप मारलेला, त्यामुळे ओल आतच कोंडली. गंज कोरलेल्या चेसिस नंबरपर्यंत पोचत आला होता. तो वाचता आला नाही, तर आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण अडतं. काकांनी गाडी भंगारात द्यायची तयारी केली.

मग मी नेटवर शोधाशोध केली. चेसिसला बोल्टने लावायचा जस्ताचा ठोकळा विकत मिळतो, लावला की गंज बंद म्हणे. खरं असेल का? एखादा बग सापडला की मी आधी तो कोड मुळात कोणी लिहिला ते बघतो. इथेही तेच केलं, आणि निघाले सर हम्फ्री डेव्ही. शाळेत यांची ओळख खाणीतल्या दिव्यापुरतीच झालेली.

डेव्हीचा जन्म १७७८ चा, इंग्लंडच्या टोकाला कॉर्नवॉलमधल्या पेन्झान्स या बंदराच्या गावी. वडील लाकडावर कोरीवकाम करायचे. ते गेले तेव्हा हा सोळाही पूर्ण नव्हता, पाच भावंडांत थोरला, आणि घरावर कर्ज. एका डॉक्टरकडे उमेदवारीला लागला आणि रसायनशास्त्र पुस्तकांतून स्वतःच शिकला. कॉलेजची डिग्री नाही. (इंजिनिअरिंगला चार वर्षं घालवलेल्या माणसाला हे जरा लागतं.)

विसाव्या वर्षी ब्रिस्टलला एका संस्थेत वायूंवर काम मिळालं. तिथे हा पठ्ठ्या वायू स्वतःवरच टेस्ट करायचा. नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, त्याने भरपूर हुंगला. ऑपरेशनच्या वेळी वेदना कमी करायला तो उपयोगी पडेल, असं त्याने १८०० मध्येच छापलं. डॉक्टरांनी ते मनावर घ्यायला चाळीसेक वर्षं लावली.

१८०१ मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आला. त्याच्या व्याख्यानांना इतकी गर्दी व्हायची की घोडागाड्यांच्या कोंडीमुळे समोरचा रस्ता वन-वे करावा लागला, असं सांगतात. व्होल्टाची बॅटरी नवीच आली होती. डेव्हीने मोठाली बॅटरी जोडून १८०७ मध्ये पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले. पोटॅशियमचे चमकते थेंब दिसले तेव्हा तो प्रयोगशाळेत अक्षरशः नाचला. १८१२ मध्ये एका स्फोटात डोळ्याला इजा झाली. पुढच्याच वर्षी मायकेल फॅराडे नावाचा बुकबाइंडर पोरगा त्याच्या हाताखाली आला. १८१५ मध्ये खाणकामगारांसाठी सेफ्टी लॅम्प केला, त्याचं पेटंट घेतलं नाही. १८२० मध्ये रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला.

आता आपला मुद्दा. तेव्हाची जहाजं लाकडी. मुंबईत वाडिया मंडळी ब्रिटिश नौदलासाठी सागवानी जहाजं बांधत होती, तो हाच काळ. लाकूड किड्यांनी पोखरू नये म्हणून तळाला तांब्याचे पत्रे ठोकत. पण खाऱ्या पाण्यात ते पत्रेच झिजायचे. नौदलाने १८२३ मध्ये हे कोडं डेव्हीसमोर ठेवलं.

आधी तांबंच भेसळीचं असेल, असा संशय होता. डेव्हीने वेगळा विचार केला: झीज विजेशी संबंधित असेल, तर ती विजेनेच थांबवता येईल. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकवून खाऱ्या पाण्यात ठेवले की छोटी बॅटरीच तयार होते. त्यातला जास्त क्रियाशील धातू झिजतो आणि दुसरा वाचतो. तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा लहानसा तुकडा जोडला, तर तांबं तसंच राहिलं. १८२४ मध्ये कोचीनला बांधलेल्या समरंग या जहाजावर लोखंडाचे तुकडे लावून चाचणी झाली. पत्रे वाचले!

आणि इथेच घात झाला. तांबं थोडं थोडं विरघळत होतं, म्हणूनच त्यावर शेवाळ आणि कवचाचे जीव टिकत नव्हते. झीज थांबली तशी जहाजांच्या तळाला जंगल माजलं आणि वेग घटला. १८२५ मध्ये नौदलाने हे तुकडे काढायला लावले. लोकांनी टिंगल केली. डेव्हीला हे फार लागलं. पुढे तब्येत ढासळली आणि १८२९ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, तो जिनिव्हात वारला. त्याचं शास्त्र मात्र चुकलं नव्हतं. आज पोलादी जहाजांना आणि जमिनीखालच्या पाइपलाइनना याच तत्त्वावर जपतात.

मग तो बोल्टवाला ठोकळा? घेऊ नका. सर्किट पूर्ण व्हायला धातू टेकलेले हवेत आणि दोघांवर एकच सलग पाणी हवं. जहाज कायम पाण्यात असतं, जीपच्या चेसिसवर नुसते ओले डाग. ठोकळ्याच्या आजूबाजूचा थोडासा भाग वाचेल, बाकी चेसिस गंजतच राहील.

चालतो तो झिंक-रिच प्रायमर. त्यात जस्ताची पूड इतकी ठासून भरलेली असते की सगळ्या पृष्ठभागाला जस्त टेकतं. पण खाली चकचकीत नागडं लोखंड हवं. गंजावर, जुन्या रेड ऑक्साइडवर किंवा रस्ट कन्व्हर्टरवर तो मारला तर जस्ताचा लोखंडाशी संपर्कच होत नाही, म्हणजे आधीच्या लेपासारखंच होणार.

आम्ही दोन रविवार घालवले. ग्राइंडरला वायर ब्रश लावून घासलं (गॉगल घालून, डेव्हीचा डोळा आठवत), नंबरवर मात्र हाताने हलकेच. चेसिसची भोकं चिखलाने बुजली होती, ती मोकळी केली, म्हणजे आत शिरलेलं पाणी बाहेर पडेल. मग प्रायमर, वर रंग, आणि पोकळ भागात लांब नळीने मेणाचा फवारा. मागच्या आडव्या पट्टीत बोटभर भोक पडलंय, तिथे वेल्डिंगशिवाय इलाज नाही. वेल्डर गणपतीनंतर येतो म्हणालाय, तोवर गाडी काकांच्या ताडपत्रीखाली.