झ्यूल ब्लॉक

झ्यूल ब्लॉक (१ मे १८८०, पॅरिस – २९ नोव्हेंबर १९५३, सेव्र) हे फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ व मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणाचे आद्य अभ्यासक होते. सिल्व्हँ लेव्ही आणि आंत्वान मेये हे त्यांचे गुरू. १९३७ ते १९५१ या काळात ते कॉलेज द फ्रान्स येथे संस्कृतचे प्राध्यापक होते.

मराठीवरील कार्य

मराठी भाषेची घडण हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. प्रबंध १९१४ मध्ये सिद्ध झाला. मध्ये महायुद्ध येऊन गेले आणि ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. ध्वनी, नामाची रूपे, क्रियापद आणि शेवटी शब्दांची व्युत्पत्तिसूची असा त्याचा विस्तार आहे.

यातील क्रियापदाचा भाग विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा. ‘मुलाने लेख लिहिला’, पण ‘मुलाने चिठ्ठी लिहिली’. येथे क्रियापद कर्त्याला न जुमानता कर्माच्या मागे जाते. शाळेत हा कर्मणी प्रयोगाचा नियम म्हणून पाठ होतो. त्याचे कारण मात्र इतिहासात आहे. ‘लिहिला’ हे मुळात संस्कृत ‘लिखित’सारखे भूतकालवाचक विशेषण, म्हणून ते विशेष्याचे लिंग-वचन घेते, आणि कर्ता तृतीयेत राहतो.

फ्रेंच वाचकाला हे सर्वस्वी परके नव्हते. त्याच्या भाषेतील ‘झे एक्री’ (मी लिहिले) हा भूतकाळही जुन्या लॅटिन विशेषणापासूनच झाला आहे; ‘माझ्याजवळ लिहिलेले आहे’ अशी ती मूळ रचना. त्यामुळे कर्म आधी आले की तेथेही धातुसाधित त्याच्याशी जुळते. ‘ला लेत्र क झे एक्रित’ (मी लिहिलेली चिठ्ठी) यात स्त्रीलिंगी ‘लेत्र’मुळे ‘एक्री’चे ‘एक्रित’ होते. फरक इतकाच की फ्रेंचमध्ये कर्ता प्रथमेत गेला, मराठीत तृतीयेत राहिला. फ्रेंच क्रियापदे शिकताना अडखळणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने हे साम्य ध्यानात ठेवल्यास त्याचे बरेच श्रम वाचतील.

इतर लेखन व अनुवाद

वेदकाळापासून आधुनिक काळापर्यंतच्या भारतीय आर्यभाषांवरील त्यांचा ग्रंथ १९३४ मध्ये, तर द्राविडी भाषांच्या व्याकरणावरील ग्रंथ १९४६ मध्ये निघाला. अशोकाच्या शिलालेखांचेही त्यांनी संपादन केले.

मराठीचा हा इतिहास दोन दशके फ्रेंच न जाणणाऱ्या मराठी वाचकाला बंदच होता. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने १९४१ मध्ये मराठीत आणला. इंग्रजी अनुवादास १९७० साल उजाडावे लागले.