जोतीराव फुले आणि अंगणातील हौद

बारामती व इंदापूर तालुक्यांच्या जिरायती गावांत पाण्याची किंमत कोणास सांगावयास नको. परंतु विहिरीत पाणी असून ते शेंदण्याचा अधिकार नसणे, हे दुःख दुष्काळाहूनही मोठे होय; आणि आपल्या वाडवडिलांपैकी पुष्कळांनी ते भोगिले आहे. ज्या पुरुषाने ते दुःख दूर करण्याचा आरंभ आपल्या स्वतःच्या घरापासून केला, त्या महात्मा जोतीराव फुले ह्यांचे चरित्र आज आपण पाहू.

जोतीरावांचा जन्म इ.स. 1827 त माळी जातीच्या कुटुंबात झाला. लहानपणीच ते आईस मुकले. शाळा सोडवून वडिलांनी त्यांस मळ्याच्या कामास लाविले होते. परंतु गफार बेग मुनशी व लिजिटसाहेब ह्या शेजाऱ्यांनी वडिलांची समजूत घातल्यावरून 1841 साली ते पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाऊ लागले. पुढे 1848 साली एका ब्राह्मण मित्राच्या वरातीत चालत असता, शूद्राने आपल्या बरोबरीने चालावे हे काहींस न खपून त्यांचा अपमान करण्यात आला.

दुसरा कोणी असता तर वरच्यांचा द्वेष करीत बसला असता. जोतीरावांची दृष्टि मात्र आपल्याहूनही खाली लोटलेल्यांकडे वळली. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढिली, आणि पत्नी सावित्रीबाई ह्यांस स्वतः शिकवून शिक्षिका केले. शाळेच्या वाटेवर लोक सावित्रीबाईंच्या अंगावर शेण व चिखल फेकीत. समाजाच्या दडपणामुळे वडिलांनी ह्या उभयतांस घराबाहेर काढिले. तरी काम थांबले नाही. महार व मांग ह्यांच्या मुलांसाठीही त्यांनी शाळा चालविल्या. त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे ह्या मांग मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’ पत्रात छापला गेला.

त्या काळी अस्पृश्यांस सार्वजनिक हौदास शिवण्याची बंदी असे. कोणी दया करून वरून पाणी ओतील तर घागर भरावी, नाही तर रिकामी परत न्यावी. 1868 साली जोतीरावांनी आपल्या घराचा हौद अस्पृश्यांस मोकळा केला. हे त्यांच्या जातभाईंसही रुचले नाही. सभेत समतेचे भाषण करणे सोपे. आपल्या अंगणात दुसऱ्याची घागर बुडू देणे कठीण.

1873 साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि सत्यशोधक समाज स्थापिला. अमेरिकेतील काळ्या लोकांची गुलामगिरी 1865 साली कायद्याने नष्ट झाली होती. त्या कार्यासाठी झटणाऱ्या तेथील सज्जनांस त्यांनी हे पुस्तक अर्पण केले. समुद्रापलीकडची बेडी व आपल्या गावची शिवाशीव ही एकाच लोखंडाची आहेत, हे त्यांनी जाणले होते.

आपल्या भागातील सुपे गावी 1875 साली शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगा करून कर्जखते जाळली. ज्यास अक्षर येत नाही तो न वाचता खतावर नांगराची निशाणी करी, आणि पिढ्यान् पिढ्या बांधला जाई. अविद्येने होणारा हा नाश जोतीरावांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात मांडिला.

1888 साली अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात निकामी झाला, तेव्हा ते डाव्या हाताने लिहू लागले. 28 नोव्हेंबर 1890 रोजी ते निवर्तले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. परंतु सर्व मानव एकाच निर्मिकाची लेकरे आहेत, हे त्यांनी आचरून दाखविले. डॉ. आंबेडकर त्यांस आपल्या गुरूंपैकी एक मानीत.

1950 साली अंमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. अमेरिकेत गुलामगिरी गेल्यावरही गोऱ्या व काळ्या लोकांच्या निरनिराळ्या शाळा व निरनिराळी बाके सुमारे शंभर वर्षे राहिली. ह्यावरून दिसते की कायदा दार उघडतो, पण उंबरठा मनाने ओलांडावा लागतो. आपणांस वरच्यांनी मान द्यावा असे आपणा सर्वांस वाटते. परंतु निराळ्या जातीतून आलेल्या बंधूच्या घरचे पाणी आपण पितो काय? त्याच्या घरी सोयरीक करण्यास आपण कचरतो काय? शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागणाऱ्या प्रभूचे आपण शिष्य म्हणवितो. ह्या प्रश्नांचे उत्तर प्रत्येकाने आपल्या घरच्या माठापाशी उभे राहून द्यावे.