मुरूडचे दीक्षित मास्तर

होस्टेलवर कुणी गाव विचारलं आणि मी जांभूळ म्हटलं की समोरचा हसतोच. मग मी अंबरनाथचं शिवमंदिर सांगतो, ते सगळ्यांना माहीत असतं. त्या मंदिराच्या शिलालेखात शके ९८२ हे साल आहे. त्यात ७८ मिळवा, झालं इ.स. १०६०. ही बेरीज कुणालाही येईल. पण जुन्या लेखातली तिथी आणि वार घेऊन नेमका इंग्रजी दिवस काढायचा म्हटलं की भल्याभल्यांची विकेट पडते. ते गणित ज्यांनी आयुष्यभर केलं ते शंकर बाळकृष्ण दीक्षित.

जन्म १८५३, दापोलीजवळचं मुरूड. मॅट्रिक झाले, मास्तर झाले आणि मास्तरच राहिले. पदवी नाही! माझा एम-थ्री दुसऱ्यांदा राहिला तेव्हा मी बॅग भरून गावी निघालो होतो. लायब्ररीची पुस्तकं परत करायला गेलो आणि परतीच्या टेबलावर दीक्षितांचं भारतीय ज्योतिःशास्त्र पडलेलं दिसलं. सहज चाळलं, आणि बॅग तशीच राहिली.

त्या काळी गुप्त राजांचा शक कधी सुरू झाला यावर विद्वानांची भांडणं चालू होती. फ्लीट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्या राजांचे शिलालेख १८८८ मध्ये छापले. त्यातल्या तिथी-वारांची आकडेमोड दीक्षितांची. आरंभ इ.स. ३१९-२० ठरला, तो आजही आपण इतिहासात शिकतो. पुढे १८९६ साली सिवेल यांच्याबरोबर त्यांनी भारतीय कालगणनेवर इंग्रजी ग्रंथही केला.

मला सगळ्यात आवडली ती कृत्तिकांची गोष्ट. शतपथ ब्राह्मणात म्हटलंय की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. आपण वाचून पान उलटलं असतं. दीक्षितांनी विचार केला, बरोबर पूर्वेला उगवायचं तर तारा विषुववृत्तावर हवा. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे ताऱ्यांची जागा सरकते. मागे मोजत गेलं की इ.स.पूर्व ३००० च्या आसपास कृत्तिका तिथे होत्या. आता त्या एका वाक्यावरून ग्रंथाचं वय काढावं का, यावर वाद आहे, आणि तो रास्त आहे. पण वाक्य वाचून गणित सुचणं, हे खरं डोकं.

त्याच सरकण्यामुळे सूर्य २२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळतो आणि संक्रांत आपण १४ जानेवारीला करतो. पंचांग ऋतूंना धरून असावं म्हणून लेले आणि मोडक यांच्यासोबत दीक्षितांनी सायन पंचांगाचा आग्रह धरला. लोकांनी ते फारसं घेतलं नाही. सरकारी राष्ट्रीय पंचांग सायन मानाने १९५७ साली आलं. दीक्षित १८९८ मध्येच गेले होते, अवघ्या ४४ व्या वर्षी.

आणि मुख्य ग्रंथ मराठीत! १८९६ साली छापला. भारत सरकारने त्याचं इंग्रजी भाषांतर केलं ते सत्तरहून जास्त वर्षांनी. आमच्याकडे व्हायव्हात मराठी शब्द तोंडातून निघाला तरी कानकोंडं व्हायला होतं.

गेल्या ऑक्टोबरात जांभूळला गच्चीवर होकायंत्र घेऊन बसलो. गणिताने कृत्तिका पूर्वेच्या उत्तरेला सुमारे २५ अंशांवर उगवायला हव्या. कारखान्यांच्या उजेडात क्षितिज काही दिसेना. साडेआठला एकदाचा तो पुंजका वर आला, खरंच डावीकडे सरकलेला. आई खालून जेवायला हाका मारत होती.

एम-थ्री पुन्हा दिलाय. निकाल यायचाय.