झ्लीनचे टॉमस बाटा

जून महिन्यात शाळा उघडली की बुटांच्या दुकानांत गर्दी होते. काळे बूट, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि दुकानावर लाल अक्षरांत एक नाव : बाटा. हे बाटा कोण, कुठले, असे मी एकदा वर्गात विचारले. कोणी कोलकात्याचे म्हटले, कोणी पंजाबचे. एका मुलीने तर ते आपल्याच बाजारातले एखादे जुने दुकानदार असतील असे सांगितले. सारा वर्ग हसला. पण मला तिचे उत्तर आवडले. हजारो मैलांवरून आलेला माणूस लोकांना आपल्या बाजारातला वाटावा, ही काही साधी गोष्ट नाही.

टॉमस बाटा यांचा जन्म ३ एप्रिल १८७६ रोजी झ्लीन या लहानशा गावी झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. त्या वेळी तेथे ऑस्ट्रियाच्या बादशहाचे राज्य होते. बाटांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जोडे शिवण्याचा धंदा चालत आला होता. लहानपणीच टॉमसच्या हातात सुई-दोरा आला. १८९४ मध्ये भाऊ अँटोनिन आणि बहीण ॲना यांच्यासह त्याने स्वतःचा कारखाना काढला. आईच्या वारशातून मिळालेले ८०० गुल्डन एवढेच त्यांचे भांडवल होते. तेव्हा टॉमस अवघा १८ वर्षांचा होता.

वर्षभरातच हा धंदा बुडण्याच्या बेतात आला. चामडे उधारीवर घेतलेले, देणेकरी दारात उभे आणि अँटोनिनला सैन्यात बोलावणे आलेले. सगळा भार टॉमसवर पडला. चामडे विकत घ्यायला पैसा नव्हता; पण जाडेभरडे कापड स्वस्त मिळत होते. तेव्हा त्याने कापडाचे बूट शिवायला घेतले. तळ चामड्याचा, वरचा भाग कापडाचा. बूट हलके होते आणि मजुरालाही परवडत होते. ते इतके खपले की कर्ज फिटले आणि धंदा वाढला. अडचणीतून सुचलेली ही युक्ती पुढे फार दूरच्या देशांत उपयोगी पडणार होती.

१९०४ साली बाटा अमेरिकेला गेले. मॅसॅच्युसेट्‌स राज्यातील लिन हे शहर तेव्हा बुटांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. बरोबर त्यांनी आपल्या कारखान्यातील तीन कामगार नेले. मालक म्हणून पाहुणचार घेत फिरणे त्यांना शक्य होते. ते मात्र कारखान्यात साधे कामगार म्हणून राबले. तेथे एक माणूस पूर्ण जोडा शिवत नसे. एकाने तळ कापायचा, दुसऱ्याने टाके घालायचे, तिसऱ्याने टाच बसवायची. हातातले काम संपले की जोडा पुढच्या माणसाकडे जाई. ही रीत आणि ती यंत्रे त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि हातांनी शिकली. परत आल्यावर त्यांनी झ्लीनमध्ये तसेच काम सुरू केले. परक्या मुलखात माल विकायला जाण्याआधी ते परक्या मुलखात शिकायला गेले होते, हे येथे लक्षात ठेवा.

पहिल्या महायुद्धात त्यांना सैनिकांच्या बुटांचे मोठे काम मिळाले आणि कारखान्यात हजारो माणसे कामाला लागली. १९१८ मध्ये युद्ध संपले. जुने साम्राज्य मोडले आणि चेकोस्लोव्हाकिया हा नवा देश उदयाला आला. थोड्याच वर्षांत मंदी आली. त्यातच १९२२ मध्ये देशाच्या चलनाची किंमत एकाएकी वाढली. चलन महाग झाले की त्या देशाचा माल परदेशी गिऱ्हाइकाला महाग पडतो. त्यामुळे निर्यात थांबली, गोदामात बूट पडून राहिले. इतर कारखानदारांनी कामगारांना घरी पाठवले. बाटांनी काय केले? त्यांनी बुटांच्या किमती निम्म्या केल्या. लोकांना हे वेडेपणाचे वाटले.

किमती निम्म्या करायच्या तर खर्चही उतरला पाहिजे. त्यांनी मजुरी ४० टक्क्यांनी कमी केली. पण कोणाला कामावरून काढले नाही, आणि कामगारांना धान्य, कपडा व इतर गरजेच्या वस्तू अर्ध्या किमतीत पुरवण्याची व्यवस्था केली. गोदामे रिकामी झाली. १९२४ पासून कारखान्याच्या विभागांना नफ्यात वाटा मिळू लागला. १९२५ मध्ये त्यांनी किशोरवयीन मुलांसाठी एक शाळा काढली. तेथील मुले दिवसा कारखान्यात काम करून स्वतःचा खर्च भागवत आणि उरलेल्या वेळात शिकत. अर्थात सगळेच काही गोड नव्हते. कामगारांच्या संघटना बाटांना आवडत नसत. शिस्त फार कडक होती. आणि कारखान्याच्या स्वस्त जोड्यापुढे गावोगावचे हाताने शिवणारे मोची टिकले नाहीत. त्यांचा राग खोटा म्हणता येणार नाही.

बाटांचे बूट आता अनेक देशांत जाऊ लागले. १९२९ नंतर जगभर मोठी मंदी आली. प्रत्येक देश आपले कारखाने वाचवण्यासाठी परदेशी मालावर जबर जकात बसवू लागला. झ्लीनचा स्वस्त जोडा सीमा ओलांडताच महाग होई. आता दोनच वाटा होत्या : परदेशातला धंदा सोडायचा किंवा नवीन काही करायचे. बाटांनी विचार केला, जोडा सीमा ओलांडू शकत नसेल तर कारखान्यानेच सीमा ओलांडावी. जर्मनी, युगोस्लाव्हिया, स्वित्झर्लंड, इंग्लंड अशा देशांत त्यांनी कारखाने उभारायला घेतले. झ्लीनहून अनुभवी कारागीर तेथे जात, तेथील तरुण झ्लीनला येऊन काम शिकत. इमारतींचा नमुना झ्लीनचाच असे : काँक्रीटचे खांब, लाल विटा, मोठ्या खिडक्या. शेजारी कामगारांची घरे. मात्र कामाला माणसे त्या त्या देशातली घेत आणि बूटही तेथल्या लोकांच्या गरजेचा व ऐपतीचा बनवत.

भारतातून युरोपला कच्चे कातडे जात असे, हे बाटांना माहीत होते. ज्या देशाचे कातडे जगाचे जोडे बनवते, त्या देशात कोट्यवधी लोक अनवाणी चालत होते. दुसऱ्या एखाद्या व्यापाऱ्याने म्हटले असते, येथे बुटांना गिऱ्हाईक नाही. बाटांना उलट वाटले. १९३१ मध्ये भारतात कंपनीची नोंदणी झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते लहानशा विमानाने पूर्वेकडे निघाले आणि इजिप्त, इराक करत भारतात व पुढे सिंगापूर, जावापर्यंत गेले. त्या काळी असा विमानप्रवास म्हणजे जिवावरचा खेळ होता. पण बाजार नकाशावर पाहून कळत नाही, तेथील रस्ता, ऊन, पाऊस आणि पाय पाहावे लागतात, असा त्यांचा स्वभाव होता.

कोलकात्याजवळ हुगळीच्या काठी कोन्नगर येथे भाड्याच्या जागेत काम सुरू झाले. युरोपात चालणारा जाड चामड्याचा बूट येथल्या उन्हात आणि येथल्या खिशाला कसा चालणार? जपानचे रबरी तळाचे स्वस्त बूट बाजारात आधीच येत होते. म्हणून कंपनीने येथे कॅनव्हासच्या हलक्या, स्वस्त बुटांवर भर दिला. झ्लीनमध्ये चामडे घ्यायला पैसा नव्हता तेव्हा शिवलेला कापडी बूट आठवतो ना? जणू तोच फिरून आला.

१२ जुलै १९३२ ची पहाट. बाटांना विमानाने स्वित्झर्लंडला जायचे होते, तेथल्या नव्या कारखान्याकडे. धुके दाट होते. वैमानिकाला थांबावेसे वाटत होते, असे सांगतात. पण बाटांना थांबणे ठाऊक नव्हते. झ्लीनजवळच्या ओट्रोकोविस येथून विमान उडाले आणि काही मिनिटांतच कोसळले. बाटा आणि वैमानिक दोघेही जागीच मरण पावले. बाटांचे वय ५६ होते.

धंदा त्यांच्या सावत्र भावाने, यान बाटांनी, पुढे चालवला. १९३४ मध्ये हुगळीच्या काठी, कोलकात्याच्या दक्षिणेला नव्या कारखान्याचे काम सुरू झाले आणि त्याभोवती एक वसाहत वाढली. तिचे नाव बाटानगर. ती पाहायला टॉमस बाटा नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर झ्लीनचा मूळ कारखाना सरकारने ताब्यात घेतला. १९४९ मध्ये तर गावाचे नावही बदलले. जुने नाव परत यायला १९९० साल उजाडले. त्या चाळीस वर्षांत झ्लीन हे नाव नकाशावर नव्हते, बाटानगर मात्र होते. आणि जून महिना आला की आपल्याकडची मुले वडिलांचे बोट धरून बाटाच्या दुकानात जात होती.