सवयीतला कर्करोग शोधणारे खानोलकर

भिलाईजवळच्या हथखोज औद्योगिक वसाहतीत बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले अनेक कामगार खालच्या ओठाआड खैनीची चिमूट ठेवतात. हे पाहताना मला डॉ. वसंत रामजी खानोलकरांचे स्मरण होते.

गोमंतकात १८९५ साली जन्मलेले खानोलकर लंडनमध्ये विकृतिशास्त्र शिकून मुंबईत परतले आणि १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. १९४५ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासह तीन भारतीय कर्करोगांची नोंद प्रसिद्ध केली. खैनी जिथे दाबून ठेवली जाते, नेमक्या त्याच जागी पहिला. चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरणाऱ्यांच्या टाळूला दुसरा. धोतर घट्ट नेसणाऱ्यांच्या कमरेला तिसरा. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हे काम वैद्यकाइतकेच समाजेतिहासाचेही वाटते. सवय बदलता येते, म्हणजे हा रोग टाळता येतो, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. तरीही कंत्राटी कामगारांचे तोंड उघडून पाहण्याची साधी तपासणी आपल्या यंत्रणेला अजून नियमित करता आलेली नाही. पुडीवर इशारा छापणे सोपे असते.

१९५२ मध्ये परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले. रोग्याला गावाबाहेर काढण्याच्या त्या काळात ते कुष्ठरोगाकडेही वळले आणि मज्जातंतूंत शिरणाऱ्या जंतूचा सूक्ष्मदर्शकाखाली माग काढत राहिले. पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, नंतर राष्ट्रीय प्राध्यापकपद. १९७८ मध्ये ते निवर्तले.